तांब्यावरची ताटली : हिटलरच्या न झालेल्या विमानवाहू नौका

प्रश्न : २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या चामटोलीजवळ पुरात अडकली, तेव्हा नौदलाची माणसं रबरी बोटी घेऊन इथवर आली होती. तेव्हापासून आमच्या नातवाला नौदलाचं वेड लागलं आहे. आता तो आठवीत आहे. परवा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. हिटलरने म्हणे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची आलिशान प्रवासी जहाजं कापून त्यांच्या विमानवाहू नौका करायचा हुकूम दिला होता. हे खरं का? झाल्या का त्या? नसतील तर अडलं कुठे? मला आपलं वाटतं, वरचे मजले काढून सपाट पत्रा ठोकला की झालं. आपल्या मुंबईचा यात काही संबंध लागतो का आणि त्या जहाजांचं पुढे काय झालं, हे नातवाचे दोन प्रश्न.
– एक वाचक, चामटोली (बदलापूर)

उत्तर : हुकूम खरा आहे. तो १९४२च्या मे महिन्यात निघाला. जर्मनीत मात्र त्यातली एकही नौका झाली नाही. एक जर्मन प्रवासी जहाज खरोखर विमानवाहू झालं, ते जपानमध्ये. आणि एक जर्मन मालवाहू ब्रिटिशांनी पकडून त्याचं विमानवाहू केलं. मुंबईचा संबंध लागतो, पण त्यासाठी एक महायुद्ध मागे जावं लागेल. तिकडे येतोच. आधी तुमचा पत्रा.

'सपाट पत्रा ठोकला की झालं' यातच सगळी गोम आहे. नातवाला एक तांब्या आणायला सांगा आणि मोठ्या घंगाळात किंवा टबात पाणी भरा. रिकामा तांब्या पाण्यात सोडला की तो धड उभा राहत नाही, एका अंगाला कलतो. आता त्यात मूठ-दोन मूठ खडी टाका. तांब्या थोडा खाली बसेल, पण सरळ उभा राहील. बोटाने ढकललात तरी डुलून पुन्हा सरळ होईल. एवढं झालं की त्याच्या तोंडावर स्टीलची ताटली ठेवा आणि ताटलीत चिमूट चिमूट तांदूळ टाकत जा. थोडा वेळ काही होत नाही. मग एका क्षणी तांब्या कलतो आणि या खेपेला परत येत नाही. ताटली, तांदूळ, खडी सगळं तळाशी. एकूण वजन फार वाढलेलं नसतं. ते वर गेलेलं असतं.

जहाजाचंही तसंच. तळाशी वजन हवं. कोकणातले तांडेल त्याला नीरम म्हणत. माल नसला की गलबताच्या पोटात दगड भरून निघत. विमानवाहू नौकेचं दुखणं असं, की तिचं सगळं काम माथ्यावर चालतं. पोलादी धावपट्टी वर. तिच्याखाली विमानांचं कोठार, तेही पाण्याच्या बरंच वर. विमानं खाली-वर नेणारे लिफ्ट, विमानविरोधी तोफा आणि खुद्द विमानं, सगळं तांब्याच्या तोंडावर. युद्धनौका म्हणूनच बांधलेल्या विमानवाहूत हा हिशेब पहिल्या रेघेपासून धरलेला असतो. प्रवासी जहाजात तो नसतो. नुसता नसतो असं नाही, तो उलटा केलेला असतो.

ही गोष्ट मला स्वतःला फार गमतीची वाटते. फार स्थिर जहाज प्रवाशांना सोसत नाही. तळ जड असेल तर लाटेने कललेलं जहाज झटक्याने सरळ होतं, मग दुसऱ्या अंगाला झटका, पुन्हा इकडे. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेली माणसं तासाभरात केबिनमध्ये आडवी. म्हणून प्रवासी जहाज बांधणारे त्याची स्थिरता मुद्दाम बेताची ठेवतात. जहाज सावकाश कलतं आणि सावकाश परत येतं, पाळण्यासारखं. जेवणघरातलं सूप बशीबाहेर सांडत नाही. मात्र वर आणखी वजन चढवायचं म्हटलं, की हाताशी शिल्लक काही उरत नाही; ती सगळी प्रवाशांच्या आरामावर खर्च झालेली असते.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचवर हे मी लहानपणी पाहिलं आहे. कुणीतरी 'मासा, मासा' म्हणून ओरडलं आणि वरच्या डेकवरची निम्मी माणसं उजव्या कठड्याला धावली. लाँच अशी काही कलली, की खाली बसलेल्या बायकांच्या टोपल्या घसरत गेल्या. खलाशी शिट्टी फुंकत वर आला आणि त्याने आम्हा सगळ्यांना खाली पिटाळलं. 'दुसऱ्या बाजूला व्हा' असं तो म्हणाला नाही, 'खाली उतरा' म्हणाला. त्याला हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

आता हिटलरच्या जहाजांकडे वळू. त्याला विमानवाहूंची आठवण उशिराच झाली. 'ग्राफ झेपेलिन' नावाची एक असली विमानवाहू नौका जर्मनीने डिसेंबर १९३८मध्ये कील बंदरात पाण्यात सोडली होती, पण ती पुरी होण्याआधीच काम थांबवलं गेलं. मे १९४१मध्ये जर्मनीची महाकाय युद्धनौका 'बिस्मार्क' बुडाली. तिचं सुकाणू ज्या टॉर्पेडोने अडकलं तो 'आर्क रॉयल' या ब्रिटिश विमानवाहूवरून उडालेल्या जुनाट, कापडाच्या पंखांच्या स्वोर्डफिश विमानाने टाकला होता. मार्च १९४२मध्ये 'व्हिक्टोरियस' या दुसऱ्या ब्रिटिश विमानवाहूवरच्या विमानांनी तिच्या बहिणीला, 'टिर्पिट्झ'ला, गाठलं. टॉर्पेडो एकही लागला नाही, पण घाम फुटायचा तो फुटला. नव्या विमानवाहू बांधायला वर्षं लागणार, मग बंदरात नुसती उभी असलेली मोठी प्रवासी जहाजं का वापरू नयेत, असा विचार पुढे आला.

त्या यादीत 'युरोपा' होतं. जवळजवळ ५० हजार टनांचं, २८० मीटरांहून लांब. १९३०च्या पहिल्याच सफरीत त्याने अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडण्याचा मान पटकावला होता. त्याच्या जोडीला 'ग्नायझेनाउ' आणि 'पोट्सडाम' ही सुमारे १८ हजार टनांची दोन भावंडं. (व्हिडिओत 'ग्नायझेनाउ' आणि 'शार्नहोर्स्ट' या युद्धनौका दाखवल्या असतील, तर ती गफलत आहे. त्याच नावांची प्रवासी जहाजंही होती. नावं दोन प्रशियन सेनानींची, ती सगळीकडे लावत सुटले होते.) ही सगळी जहाजं ब्रेमेनच्या 'नॉर्डडॉइचर लॉइड' या एकाच कंपनीची. 'शार्नहोर्स्ट', 'ग्नायझेनाउ' आणि 'पोट्सडाम' १९३५-३६पासून जर्मनीहून सुएझमार्गे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय करत जपानला जात. १९३८-३९मध्ये जर्मनीतून जीव वाचवून निघालेले कितीतरी ज्यू निर्वासित याच जहाजांतून शांघायला पोचले.

आराखडे झाले. 'युरोपा'वर ४२ विमानं, 'ग्नायझेनाउ' आणि 'पोट्सडाम'वर प्रत्येकी २४. या दोघांना 'याडे' आणि 'एल्बे' अशी नद्यांची आणि खाड्यांची नावंही ठरली. आणि मग आराखडे करणाऱ्यांच्या हिशेबात ताटली कलायला लागली. उपाय ठरलेले असतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पोलादी फुगवटे जोडून कंबर रुंद करायची, तळात नीरम भरायचं. पण फुगवट्यांनी वेग मंदावतो आणि विमानवाहूला वेग लागतोच. वाऱ्याला तोंड देऊन नौका जोरात पळाली तरच आखूड धावपट्टीवरून जड विमान उचलतं. नीरम वाढवलं की जहाज आणखी पाण्यात बसतं, पुन्हा वेग मंदावतो. एक टोक दाबलं की दुसरं वर येतं. त्यातून धुराडी मधोमध. त्यांचा धूर बाजूने काढायचा म्हणजे आतली बॉयलरपासूनची सगळी नळकांडी वळवायची. १९४२च्या नोव्हेंबरात 'युरोपा' आणि 'ग्नायझेनाउ'चा बेत रद्द झाला. 'पोट्सडाम'चा आणखी दोन-अडीच महिने रेंगाळला, तोवर आतलं सामानसुमान काढण्यापलीकडे काम गेलं नव्हतं. डिसेंबरअखेर बॅरेंट्स समुद्रात जर्मन युद्धनौकांची फजिती झाली, हिटलरने मोठ्या जहाजांवरचा सगळा राग काढला आणि जानेवारी १९४३मध्ये त्याचे नौदलप्रमुख राएडर पायउतार झाले. विमानवाहूंचं सगळंच गुंडाळलं गेलं.

माझं मत विचाराल तर तांत्रिक अडचण ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी हवाईदलप्रमुख गोअरिंग नावाची. जे जे उडतं ते माझ्या हवाईदलाचं, हा त्याचा हट्ट होता, त्यामुळे जर्मन नौदलाकडे समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकांची स्वतःची फळीच नव्हती. नौका उद्या आयती मिळाली असती तरी तिच्यावर उतरायला शिकवणार कोण? डुलणाऱ्या पट्टीवर विमान उतरवणं हे पिढ्यांच्या सवयीचं काम आहे. ते हुकूम काढून येत नाही.

जहाजाचं असं रूपांतर अडचणीचं असलं तरी अशक्य नव्हतं, हे त्याच कंपनीच्या दोन जहाजांनी दाखवलं. 'शार्नहोर्स्ट' युद्ध सुरू झालं तेव्हा पूर्वेत होतं. ते जपानच्या कोबे बंदरात अडकून पडलं. १९४२मध्ये जपानी नौदलाने ते घेतलं आणि कुरेच्या गोदीत त्याचं रूपांतर केलं. त्यासाठी 'यामातो' वर्गातल्या चौथ्या, बांधायची सोडून दिलेल्या महाकाय युद्धनौकेचं साहित्य कामी आलं. डिसेंबर १९४३मध्ये ते 'शिन्यो' नावाने नौदलात दाखल झालं. अर्थ, देवाचा ससाणा. तीसेक विमानं आणि वर एकही इमारत नसलेली सपाट पट्टी. काम काय, तर जपान ते सिंगापूर ये-जा करणाऱ्या मालजहाजांच्या तांड्यांची राखण. ज्या मार्गावर सहा-सात वर्षांपूर्वी प्रवासी आरामखुर्च्यांत बसून जात, जवळजवळ तोच मार्ग. १७ नोव्हेंबर १९४४च्या रात्री पीत समुद्रात अमेरिकन पाणबुडी 'स्पेडफिश'चे टॉर्पेडो त्याला लागले. विमानांच्या पेट्रोलने पेट घेतला. अकराशेहून अधिक माणसं गेली.

जपानला जमलं ते नशिबाने नाही. त्यांनी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. युद्धाआधी जपानच्या एका मोठ्या कंपनीने दोन प्रवासी जहाजं बांधायला घेतली, तेव्हा सरकारने खर्चाचा ६० टक्के भार उचलला. अट अशी, की वेळ आली तर ती विमानवाहू करता आली पाहिजेत. तळ, कप्पे, लिफ्टच्या जागा, सगळं त्या बेताने आखलेलं. १९४२मध्ये त्यांच्या 'जुन्यो' आणि 'हियो' झाल्या. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. दोन मजल्यांचा पाया घातला आणि मालकाच्या मनात पुढे दोन मजले वाढवायचं असलं, तर कॉलमच्या सळया गच्चीवर उभ्या ठेवतात. सळया ठेवल्या नसतील आणि तरी मजले चढवले तर काय होतं, तेही या भागाने पाहिलं आहे.

दुसरं जहाज 'हानोव्हर', त्याच कंपनीचं, साडेपाच हजार टनांचं मालवाहू, केळी आणणारं. मार्च १९४०मध्ये ते कॅरिबियन समुद्रात ब्रिटिशांच्या हाती लागलं. ब्रिटिशांनी डोकं असं चालवलं, की त्याच्याकडून फार मागितलंच नाही. वरचं काढून जेमतेम १४० मीटरांची पट्टी घातली. कोठार नाही, लिफ्ट नाही. सहा लढाऊ विमानं उघड्यावर, खाऱ्या पाण्याच्या तुषारांत उभी, दुरुस्तीही तिथेच. माथ्यावर वजन कमी, म्हणून ताटली कलली नाही. जून १९४१मध्ये ते ब्रिटिश नौदलात आलं आणि पुढे त्याचं नाव 'ऑडेसिटी' पडलं. तांड्यांवर घिरट्या घालणारी जर्मनांची लांब पल्ल्याची कोंडोर विमानं त्याच्या वैमानिकांनी पाडली. २१ डिसेंबर १९४१ला एका जर्मन पाणबुडीने ते बुडवलं, म्हणजे तांड्यांसोबतची प्रत्यक्ष कामगिरी तीनेक महिन्यांची. पण तेवढ्यात ब्रिटिश-अमेरिकनांना कळलं, की साध्या मालजहाजावर छोटी पट्टी पुरते, आणि पुढे अशा छोट्या विमानवाहूंची रांगच लागली. 'ऑडेसिटी' बुडाली तेव्हा पाण्यातून वाचलेला एक वैमानिक एरिक ब्राउन. त्याने पुढे आयुष्यात ४८७ प्रकारची विमानं उडवली आणि २,४०७ वेळा जहाजावर विमान उतरवलं.

आता तुमच्या नातवाचा प्रश्न, मुंबईचा. हा भाग मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतो.

ब्रेमेनचीच आणखी एक कंपनी, 'हान्सा', १८८१मध्ये निघालेली. तिच्या आगबोटी युरोप आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये ये-जा करत आणि मुंबई हे त्यांचं नेहमीचं बंदर. यांच्या बऱ्याच बोटींच्या नावांच्या शेवटी 'फेल्स' असे. फेल्स म्हणजे कडा, सुळका. वांगणीच्या बाजूने चंदेरीचा दिसतो तसा. 'राबेनफेल्स' म्हणजे डोमकावळ्याचा कडा. 'वाख्टफेल्स', पहाऱ्याचा कडा.

१९१४मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा 'राबेनफेल्स' पोर्ट सैदला होती. ब्रिटिशांनी ती ताब्यात घेतली आणि तिच्यावर पाण्यावर उतरणारी विमानं ठेवली. तिला धावपट्टी नव्हती. विमान दोरखंडाने उचलून क्रेनने पाण्यात सोडायचं, ते लाटांवरून उडायचं, परत आलं की पाण्यात उतरायचं आणि पुन्हा क्रेनने वर. म्हणजे माथ्यावर ताटलीच नाही. मालबोटीची क्रेन मुळात होतीच. म्हणून हे रूपांतर सोपं गेलं. तिचं नाव 'रेव्हन दुसरी' पडलं. तिची विमानं, त्यातली काही फ्रेंच वैमानिकांची, पॅलेस्टाइन-सिरियाच्या किनाऱ्यावर तुर्कांवर टेहळणी करत.

तिकडे जर्मनीत 'वाख्टफेल्स' नौदलाने घेतली. तिच्या पोटात तोफा, टॉर्पेडो आणि साडेचारशेहून अधिक पाणसुरुंग भरले, बाहेरून साधी मालबोटच ठेवली, नाव ठेवलं 'वुल्फ'. सोबत एक छोटं जलविमान, त्याचं नाव 'वुल्फशेन', लांडग्याचं पिल्लू. नोव्हेंबर १९१६अखेर ती निघाली आणि कुठल्याही बंदराला न लागता सव्वा वर्ष समुद्रात राहिली. फेब्रुवारी १९१७मध्ये तिने आधी कोलंबोजवळ आणि मग आपल्या मुंबईच्या तोंडाशी, रात्रीच्या अंधारात सुरुंग पेरले. ती निघून गेली, पण सुरुंग थांबून राहिले. २३ जून १९१७ला पी अँड ओ कंपनीची मोठी डाकबोट 'मंगोलिया' मुंबईच्या दक्षिणेला त्यातल्या एकावर आदळून बुडाली. वीसहून जास्त माणसं दगावली. चार महिन्यांपूर्वी पेरलेलं पावसाळ्यात उगवलं.

'वुल्फ'ला शोधायला ब्रिटिशांनी कुणाला पाठवलं? 'रेव्हन दुसरी'ला. १९१७च्या उन्हाळ्यात एका फ्रेंच क्रूझरबरोबर ती हिंदी महासागरात उतरली आणि लक्षद्वीप-मालदीवच्या बेटांमधून तिची विमानं घिरट्या घालत फिरली. एकाच ब्रेमेनच्या कंपनीच्या दोन मालबोटी, एक जर्मन झेंड्याखाली आणि एक ब्रिटिश, दोघींच्या पाठीवर विमानं, आणि एक दुसरीला अरबी समुद्राच्या आसपास हुडकते आहे. गाठ पडली नाही. मालदीवमध्ये 'रेव्हन'चं एक विमान मात्र वाट चुकून उतरलं आणि त्यातल्या दोघांना बेटावरच्या लोकांनी सांभाळलं. 'वुल्फ' फेब्रुवारी १९१८मध्ये सुखरूप कीलला पोचली.

याच्यात आणखी एक पीळ आहे. मुंबईजवळ सुरुंग पेरल्यावर थोड्याच दिवसांत 'वुल्फ'ने 'टुरिटेला' नावाची ब्रिटिश बोट पकडली. ती कोण, तर 'हान्सा'चीच 'गुटेनफेल्स', 'वुल्फ'ची बहीणच म्हणायची. ब्रिटिशांनी १९१४मध्ये पकडून नाव बदललेली. जर्मनांनी तिचं पुन्हा नाव बदललं, तिच्यावर सुरुंग चढवले आणि एडनकडे धाडली. तिथे ब्रिटिश नौका समोर आल्यावर तिच्याच खलाशांनी तिला बुडवलं. 'रेव्हन'ला पुढे ब्रिटिशांनी मालवाहतुकीला परत लावलं तेव्हा तिचं नाव 'रेव्हनरॉक' केलं. म्हणजे राबेनफेल्स शब्दाला शब्द इंग्रजीत!

'हान्सा'ची छाया दुसऱ्या युद्धातही आपल्या किनाऱ्यावर पडली. गोव्याला मुरगाव बंदरात, पोर्तुगीज तटस्थ म्हणून, 'एरेनफेल्स' ही त्यांची बोट आणखी दोन जर्मन बोटींसह १९३९पासून आसरा घेऊन होती. तिच्या दोन बहिणी तेव्हा हिंदी महासागरात गाजत होत्या. 'गोल्डेनफेल्स'ची 'अटलांटिस' झाली होती आणि 'कांडेलफेल्स'ची 'पिंग्विन'. मालबोटीच्या वेषात फिरून व्यापारी जहाजं बुडवणाऱ्या, पोटात जलविमानं बाळगणाऱ्या. 'एरेनफेल्स'वरून चोरटा बिनतारी संदेश जातो अशा संशयावरून मार्च १९४३मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पलटणीतल्या पोटं सुटलेल्या, निवृत्तीला आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी एका गाळ वाहायच्या बोटीतून येऊन तिच्यावर छापा घातला. जर्मनांनी आपल्याच बोटी बुडवल्या. त्यावर १९८०मध्ये इंग्रजी सिनेमाही निघाला.

एकूण पाहता 'हान्सा'च्या मालबोटींना जे जमलं ते 'युरोपा'ला जमलं नाही. मालबोटीत मुळात पोट मोठं आणि माथा हलका. तिच्याकडून थोडंच मागितलं. तुमच्या शेजारचं उल्हासनगर तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने बराकींची छावणी उभारली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ऑगस्ट १९४९मध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. सैनिकाच्या बराकीत कुटुंब राहू शकतं; आत भिंत घातली, चूल मांडली की झालं. म्हणून आजही पत्ता 'कॅम्प नंबर ३' असा सांगतात.

आपल्या नौदलानेही एकदा रूपांतराची वाट धरली. रशियाची 'अॅडमिरल गोर्शकोव्ह' ही निम्मी क्रूझर, निम्मी विमानवाहू अशी नौका होती. पुढच्या निम्म्या भागावर क्षेपणास्त्रं, मागे आखूड पट्टी. जानेवारी २००४मध्ये करार झाला. क्षेपणास्त्रं काढून नाकाडावर १४ अंशांचा उतार उभारायचा, म्हणजे विमान त्यावरून वर फेकलं जावं. काम काढल्यावर कळलं, की नुसता पत्रा बदलून भागणार नाही. आतल्या २,५०० कप्प्यांपैकी १,७५० नव्याने करावे लागले. ९७ कोटी डॉलरचा अंदाज २३५ कोटींवर गेला. २०१२च्या चाचणीत आठपैकी सात बॉयलरांची उष्णतारोधक विटांची आवरणं निखळली. आपण ॲस्बेस्टॉस नको म्हणालो होतो, म्हणून त्या विटा बसवल्या होत्या. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ला 'आयएनएस विक्रमादित्य' नौदलात आली आणि जानेवारी २०१४मध्ये कारवारला पोचली. ही तर जन्माने युद्धनौका होती, बॉयलरच्या जागी बॉयलर आणि तळ पुरेसा जड. तरी नऊ वर्षं लागली. मग १९४२मध्ये बॉम्बवर्षावात सापडलेल्या जर्मन गोद्यांना 'युरोपा' का पेलली नाही, हे तुमच्या नातवाला सांगता येईल.

राहिली त्या जहाजांची गत. 'ग्नायझेनाउ' प्रवासी बोट मे १९४३मध्ये डेन्मार्कजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. 'युरोपा' युद्धानंतर फ्रान्सला मिळालं. १९४६च्या डिसेंबरात ते ल हाव्र बंदरात वादळात सुटून एका बुडालेल्या जहाजावर आदळलं आणि तिथेच बसलं. त्याला वर काढून, सजवून 'लिबेर्ते' नावाने त्याने अटलांटिकवर आणखी अकरा वर्षं प्रवासी नेले. १९६२मध्ये ते इटलीत मोडीत निघालं.

'पोट्सडाम'ने १९४५च्या हिवाळ्यात पूर्व प्रशियातून पळणाऱ्या हजारो जर्मनांना बाल्टिक ओलांडून आणलं. मग ते ब्रिटिशांकडे गेलं आणि 'एम्पायर फोवी' नावाने पलटणी नेऊ लागलं. १९६०मध्ये कराचीच्या एका कंपनीने ते विकत घेतलं आणि त्याचं नाव 'सफीना-ए-हुज्जाज' ठेवलं, म्हणजे हाजींची नौका. मुंबईहून मोगल लाइनच्या बोटी जेद्दाला जात, तशी ही कराचीहून. आराखड्यात जिथे बारा लढाऊ आणि बारा बॉम्बफेकी विमानं उभी राहायची होती, तिथे सोळा वर्षं हाजी सतरंज्या पसरून बसले. १९७६मध्ये ते गडानीच्या वाळूवर चढवलं आणि वरून खाली तोडत तोडत संपवलं. तळातलं नीरम, नेहमीप्रमाणे, सर्वांत शेवटी निघालं असेल.